हस्तर आमच्या गावचा नाही
('तुंबाड'च्या दिग्दर्शकांना खुलं पत्र)

श्री. राही अनिल बर्वे यांस,



'तुंबाड'बद्दल तुम्हाला आजवर भरपूर शाबासकी मिळाली आहे. २०१८ साली व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात तुमच्या चित्रपटाने झाली. फिल्मफेअरचे पुरस्कार आले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. तेव्हा एका वाचकाच्या तक्रारीने तुमचं काहीही अडणार नाही. तरी ती करते आहे, कारण ज्या मातीवर तुम्ही हे उभं केलंत ती माती माझ्या पायाखालची आहे, आणि ज्या पुस्तकांवर उभं केलंत ती माझ्या उशाखालची. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं सोडलं, सुकेळी खिंड ओलांडली की आमचं खांब येतं. तालुका रोहा, जिल्हा रायगड. हाच रस्ता पुढे खेडला जातो, आणि त्याच खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी तुंबाड आहे.

आरोप आधी सांगून टाकते. कोकणातली गोष्ट सांगतो म्हणून तुम्ही आलात आणि कोकण फक्त पावसापुरतं वापरलंत. नाव पेंडशांचं, भीती धारपांची, देव अमेरिकेचा, वाडा सासवडचा आणि बोलणं हिंदी. आमच्या वाट्याला राहिला तो चिखल.

नावापासून सुरुवात करते. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' १९८७ साली दोन खंडांत आली. खोतांच्या चार पिढ्या, त्यांचा माज, त्यांची पडझड, आणि या सगळ्याच्या शेजारून वाहणारी जगबुडी. आमच्याकडे ज्यांनी आयुष्यात पाचच कादंबऱ्या वाचल्या असतील त्यांच्या पाचांत ही असते. 'तुंबाड' म्हटलं की वाचणाऱ्या कोकणी माणसापुढे माणसं उभी राहतात, भांडणारी, उर्मट, प्रेमळ, हट्टी. तुम्ही ते नाव घेतलंत आणि माणसं सोडून दिलीत. तुमच्या तुंबाडात एक वाडा आहे, एक म्हातारा सरकार आहे, साखळदंडाने जखडलेली एक म्हातारी आहे. गाव नाही. देऊळ आहे, गुरव नाही. जमीनदार आहे, कूळ नाही. पाऊस आहे आणि एक आवण लावलेलं दिसत नाही. शिमगा नाही, पालखी नाही, वाडीवरून येणारी एक हाक नाही. पेंडशांनी दोन खंड भरून जे गाव वसवलं त्याची पाटी तेवढी तुम्ही उपटून नेलीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ही कादंबरी कधीतरी नीट पडद्यावर येईल म्हणून आम्ही वाचक डोळे लावून बसलो होतो. आता कुणी ती करायला घेतली तर पहिल्या दिवसापासून त्याला खुलासा करत फिरावं लागेल की हा तो तुंबाड नव्हे, यात राक्षस नाही. ही वेळ तुम्ही आणलीत.

आता धारप. नारायण धारपांची पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयातून घरी आणून, दिवा मालवायच्या वेळेला आईचा ओरडा खाऊन, मी वाचलेली आहेत. 'चेटकीण', 'लुचाई', 'ग्रहण', समर्थांच्या कथा. त्या माणसाने मराठीत भीतीचं एक अख्खं दालन एकट्याच्या बळावर उघडलं आणि साहित्याच्या दरबारात त्याला अखेरपर्यंत ओसरीवरच बसवलं गेलं. २००८ साली ते गेले. पुढे केव्हातरी मला कळलं की 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची एक कादंबरी आहे, 'शपथ'च्या मागे दुसरी, आणि तुम्हाला ज्या कथेने झपाटलं ती 'आजी' किंगच्या १९८४ सालच्या 'ग्रॅमा'वर बेतलेली आहे. तेव्हा मला मोठा धक्का बसला. जी भीती मी आमच्या माजघरातली समजत होते ती अमेरिकेतल्या मेन राज्यातून आली होती. ही निराशा खोटी नव्हती आणि आजही गेलेली नाही. धारपांवर प्रेम आहे म्हणून ती लपवणार नाही.

तरी धारपांना मी एका गोष्टीचं श्रेय देईन, आणि तेच तुम्हाला देता येत नाही. त्यांनी उसनी भीती आणली, पण तिला मराठी घरात राहायला लावलं. तिला मराठी नाती दिली, मराठी बोलणं दिलं. वाचणाऱ्या मुलीला आपल्याच घरातल्या अंधाऱ्या खोलीकडे पाहायला भीती वाटावी, इतकं ते परकेपण त्यांनी धुऊन काढलं. भराभर पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकाची ती मिळकत होती. तुमच्याकडे तर वेळ होता. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून तुम्ही धारपांची गोष्ट ऐकलीत, १९९७ साली पहिला खर्डा लिहिलात, पुढे सातशे पानांची चित्रं काढलीत, चित्रीकरण केलंत, मोडलंत, पुन्हा केलंत. गोष्ट ऐकल्यापासून पडद्यावर येईपर्यंत पंचवीस वर्षं. पंचवीस वर्षांत कोकणातल्या एका म्हाताऱ्या बाईजवळ बसून तिच्या गोष्टी ऐकायला तुम्हाला सवड झाली असती, तर तुमच्या चित्रपटात हस्तर आला नसता.

त्या हस्तरबद्दलच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. चित्रपट सुरू होताच तुम्ही एक पुराणकथा सांगता. समृद्धीची देवी, तिच्या पोटी जन्मलेले कोट्यवधी देव, आणि तिचा पहिला मुलगा हस्तर, ज्याने सगळं सोनं बळकावलं आणि धान्याकडे हात नेला तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला फोडून काढलं. आईने वाचवलं, एका अटीवर: त्याची पूजा होणार नाही, त्याचं नाव कुणी घेणार नाही. ही कथा तुम्ही अशा थाटात सांगता की पाहणाऱ्याला वाटावं, हे कुठल्यातरी जुन्या पोथीत असणार. माझ्या ओळखीतली शिकलीसवरली माणसं चित्रपट पाहून मला विचारत होती, तुमच्या कोकणात हस्तरचं देऊळ कुठे आहे?

कुठेही नाही. कुठल्याही पुराणात नाही, कुठल्याही वाडीच्या वेशीवर नाही. त्या नावाला खेटून उभा असलेला एक देव मात्र अमेरिकन कथांमध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वावरतो आहे. त्याचं नाव हस्तूर. अँब्रोज बिअर्सने १८९१ साली एका कथेत तो आणला तेव्हा तो मेंढपाळांचा प्रेमळ देव होता. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचललं, १९३१ साली लव्हक्राफ्टच्या कथेत ते आलं, तिथून ते भयकथांच्या जगात कायमचं रुजलं. आणि किंगच्या 'ग्रॅमा'त? आई जखमी मोठ्या मुलाकडे गेलेली आहे, धाकटा मुलगा आजीबरोबर घरात एकटा आहे, आजी उठते आहे, आणि तिला पुन्हा निजवायचं ते हस्तूरच्या नावाने. तुमच्या चित्रपटात सदाशिव जबर जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते, त्याचा भाऊ विनायक आजीबरोबर एकटा राहतो, आणि आजी निजते ती हस्तरचं नाव काढल्यावर. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. कथा परक्याची घेतली याबद्दल मी भांडत नाही; गोष्टींना पाय असतात आणि त्या चालत येतात. पण परदेशातल्या भयकथेचा देव आणून तो आमच्या पूर्वजांनी पुरून ठेवलेला देव आहे असं सांगणं, ही कोकणाची फसवणूक आहे.

आणि ती कुणाच्या घरात येऊन केलीत? ज्या घरात देव आणि भुतं मावत नाहीत तिथे. ए. एम. टी. जॅक्सन, म्हणजे ज्यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी वध केला तेच कलेक्टर, लोकसमजुती गोळा करत असत. त्यांच्या मागे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती सामग्री संपादित केली आणि १९१५ साली कोकणाचा खंड छापला. त्यात आमच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली उत्तरं आहेत. गावोगावचे साधे मास्तर, दिवसा उजळणी घोकून घेणारे, आणि सरकारी प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिताहेत की आमच्याकडे कुठल्या झाडावर कोण राहतं. पाण्यात ओढणारा गिऱ्हा, रानात वाट चुकवणारा चकवा, पिंपळावरचा मुंज्या, इच्छा राहून गेलेला समंध, बाळंतपणात मेलेली हडळ. तुमच्या चित्रपटाचा पहिला भाग १९१८ सालातला आहे. त्याच्या तीनच वर्षं आधी हे सगळं छापून तयार होतं. मी भूत मानत नाही. मी गोष्ट मानते, आणि ती कुणाची आहे हेही मानते.

तुम्हाला लोभाची गोष्ट सांगायची होती. सुरुवातीला गांधीजींचं लोभावरचं वचन लावलंत, तेव्हा हेतूबद्दल शंका नाही. मग तुम्ही बायंगीची गोष्ट ऐकली नव्हती का? कोकणात कुणालाही विचारा. बायंगी हे विकत मिळणारं भूत. भगताकडे जायचं, पैसे मोजायचे, नारळात बांधून ते घरी आणायचं. मग घराची भरभराट होते. शेत पिकतं, धंदा चालतो, शेजाऱ्याचं येणं आपल्याकडे वळतं. पण बायंगीला तिचं देणं वेळच्या वेळी द्यावं लागतं, आणि मुदत संपली की ती नेणार ते घरातलंच. ते देणं चुकलं की भरलेलं घर रिकामं होतं. आजही एखादा माणूस चार वर्षांत एकदम वर आला, तर मागून कुणीतरी कुजबुजतं, 'बायंगी आणली असेल.' या एका वाक्यात किती काय आहे बघा. गावाचा मत्सर आहे, पैशाबद्दलचा संशय आहे, घाईने श्रीमंत होणाऱ्याची धास्ती आहे, आणि बापाने केलेल्या सौद्याची किंमत मुलाने मोजायची हा तुमच्या चित्रपटाचा सगळा आशयही आहे. विनायक आणि त्याचा मुलगा पांडुरंग यांची गोष्ट तुमच्याआधी कितीतरी वर्षं कोकणातल्या ओट्यांवर सांगितली जात होती. तिच्यासाठी अमेरिकन देवाची गरज नव्हती.

देव हवा होता तर तोही होता. आरवलीच्या वेतोबाला भाविक केळी वाहतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला चालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. आमच्या रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा सशस्त्र पोलीस त्यांना सलामी देतात. ब्रिटिश गेले, सरकारं बदलली, सलामी चालूच आहे. राज्याचे पोलीस बंदुका घेऊन ग्रामदैवतासमोर उभे आहेत हे दृश्य कुठल्या कल्पित कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून काढून टाकलं असतं. आमच्याकडे लहान पोरं ते आईच्या कडेवर बसून पाहतात. अशा प्रदेशात येऊन तुम्हाला विस्मरणात गेलेला देव शोधावासा वाटला. आमचे देव कुणी विसरलेलं नाही, बर्वे. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत एवढंच.

यापेक्षाही जास्त लागलेली एक गोष्ट आहे. तुमचा हस्तर सोन्यावर बसलेला आहे आणि धान्यासाठी भुकेला आहे. ही कल्पना फार चांगली आहे, हे मी मनापासून म्हणते. एवढं सोनं आणि मूठभर पीठ नाही! ही कल्पना सुचणाऱ्या माणसाला कोकणाच्या इतिहासाचं दारच सापडलं होतं, आणि तुम्ही त्या दारावरून पुढे निघून गेलात. तुमच्या चित्रपटाचा मधला भाग १९३३ सालातला. त्या वर्षी विनायक पुण्याहून तुंबाडला येतो आणि हस्तरच्या लंगोटातल्या मोहरांसाठी देवीच्या गर्भागारात उतरतो. त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, आमच्याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी गावात शेतकरी जमले आणि त्यांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पंचवीस गावांनी शेतं ओसाड ठेवली. लाकडं तोडून विकली, अर्धपोटी राहिले, पण नांगर धरला नाही. सहा वर्षं, १९३९ पर्यंत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. कायद्याने खोती गेली ती १९४९ साली.

पिकवणाऱ्याच्या घरात भात नाही आणि खोताच्या कणग्या भरलेल्या. हस्तरची भूक आणि सोनं, फक्त दोन वेगवेगळ्या घरांत वाटलेलं. खळ्यावर कुळाने मळलेलं भात मापून खोत घेऊन जातो, आणि त्या खळ्याखाली धान्यासाठी तडफडणारा देव झोपलेला आहे, हा चित्रपट कुणीतरी करायला हवा होता. तुम्हीच करायला हवा होता, कारण तुमच्याकडे ती ताकद होती. तुमच्या नायकाच्या घराण्याला लोक सरकार म्हणतात, त्याच्या अंगावर जमीनदारी आहे, तुम्ही कादंबरी निवडलीत तीही खोतांची, आणि तरी लोभ तुम्ही एका माणसाच्या रक्तातला दोष करून टाकलात. कोकणात लोभाला वह्या होत्या, शिक्के होते, कचेरीत मान होता. तो दाखवला असता तर तुमचा राक्षस दहापट भयंकर झाला असता, आणि पेंडशांचं नाव घेतल्याचं देणंही फिटलं असतं.

पावसाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुमच्या तुंबाडवर पाऊस अखंड कोसळतो, कारण तो देवांचा कोप आहे. पाऊस हा शाप ही कल्पना मुंबईच्या लोकलमध्ये सुचू शकते. रायगडला भाताचं कोठार म्हणतात ते या पावसामुळे. मृगाचा पाऊस आला नाही तर आमच्याकडे बायका देवाला कौल लावतात. राब भाजून ठेवलेला असतो, रोपं वर आलेली असतात, आणि गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारी बाई पावसाला शिव्या देत नाही. या पावसाने आम्हाला मारलंही आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठण्यात जो हाहाकार केला तो आमच्या पिढीने पाहिला. २०२१ च्या जुलैत तळीये गाव दरडीखाली गेलं, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी गेली. पावसाची भीती म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक आहे. तरी पुढच्या मृगाला आम्ही बी पेरतोच. हे प्रेम आणि ही भीती एकाच छातीत कशी राहते, हे तुमच्या सुंदर निळसर चौकटींत कुठेही उमटलेलं नाही. तुम्ही पाऊस पडताना टिपलात, आणि त्यासाठी अनेक पावसाळे थांबलात म्हणतात. तो कशासाठी पडतो हे एकदा विचारलं असतंत.

हस्तरला भुलवायच्या पिठाच्या बाहुल्या कणकेच्याच दिसतात. भाताच्या मुलखात, जिथे देवाला मोदक तांदळाच्या पिठीचा लागतो आणि गरिबाच्या तव्यावर नाचणी असते, तिथला भुकेला देव गव्हासाठी धावतो. ज्या चित्रपटाची सगळी गोष्टच धान्याच्या भुकेची आहे, तिथे धान्यच चुकावं? वाड्याचंही तेच. सासवडचा वाडा देखणा आहे, पण तो घाटावरच्या सरदाराचा आहे. आमच्याकडे जांभा, कौलं, पडवी, ओटी आणि पुढे खळं असतं.

आता भाषा. आमच्यापर्यंत 'तुंबाड' आला तो हिंदीत. ज्योती मालशे विनायकच्या आईचं काम करतात, आणि माझ्या मते चित्रपटातलं सगळ्यात खोल काम ते आहे. अनिता दाते विनायकच्या बायकोचं करतात. दोघी मराठी. दोघींच्या तोंडी, कोकणातल्या आणि पुण्यातल्या घरात, हिंदी. मुलाला निजवणारी, धमकावणारी, परत तुंबाडला जाणार नाहीस असं वचन मागणारी आई परक्या भाषेत बोलते तेव्हा माझ्यासारखीचा त्या घरावरचा विश्वास उडतो. तुमचे वडील अनिल बर्वे. 'हमीदाबाईची कोठी' आणि 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणारा माणूस. मराठी संवाद कसा कापत जातो हे तुमच्या घरात शिकायला बाहेरचा मास्तर लागत नव्हता.

बाजाराचं कारण मला सांगू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये ऋषभ शेट्टींनी 'कांतारा' आणला. कन्नडमध्ये, किनारपट्टीच्या बोलीत, तिथल्याच पंजुर्ली आणि गुळिग या दैवांना घेऊन, भूतकोलाच्या खऱ्या विधीसकट. एकही देव बाहेरून आणला नाही. जमीन कुणाची हा प्रश्न गोष्टीच्या मध्यभागी ठेवला. तो आधी कर्नाटकाने डोक्यावर घेतला आणि मग सगळ्या देशाने आपापल्या भाषेत मागून घेतला. त्या किनाऱ्याचंच वरचं टोक आम्ही आहोत. तोच समुद्र, तोच पाऊस, तसेच देव. तुम्हाला चार वर्षं आधी हे करता आलं असतं. २०२४ च्या जूनमध्ये आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' आला. भूत निदान आमचं होतं, पिंपळही आमचा होता, पण मूळ चित्रपट पुन्हा हिंदीच. मराठी दिग्दर्शकाच्या हाती पैसा आणि यंत्रं आली की आमच्या भुतांना पहिल्यांदा भाषा बदलायला लावली जाते, हा पायंडा 'तुंबाड'ने पाडला. म्हणून पत्र तुम्हाला आहे.

आणखी एक. धारपांच्या कथेचं नाव 'आजी' आहे. गोष्ट तिची आहे. तुमच्या चित्रपटात ती आधी साखळीत बांधलेली, खिळे ठोकलेली आकृती आहे, जिला वेळेवर भरवायचं आणि निजवायचं. पुढे ती सापडते तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं आहे. ते दृश्य मी विसरू शकत नाही, आणि ते रचणाऱ्या हाताला मी मानते. ती विनायकला खजिन्याचं गुपित सांगते आणि त्याच्या मोबदल्यात तुम्ही तिला जाळून टाकता. ज्या घरात सगळं घडलं ते आतून पाहिलेली ती एकटीच होती. तिला खजिना का हवासा वाटला, त्या घरात तिचं काय चाललं होतं, नवरा कसा होता, जाऊ कशी होती, हे विचारायला तुम्ही थांबला नाहीत. कोकणात गोष्टी जपल्या त्या अशाच म्हाताऱ्यांनी, माजघरात, वाती वळता वळता. तुम्ही गोष्ट काढून घेतलीत आणि सांगणारीला पेटवलंत. मला तुमच्या चित्रपटात सगळ्यात जास्त राग आला तो इथे.

राग येण्याचं कारण तुम्हाला कळेल असं वाटतं. वाईट चित्रपटांवर मी पत्रं लिहीत नाही. पंकज कुमार यांचा कॅमेरा, तो लाल, मऊ, श्वास घेणारा गर्भ, पिठाने आखलेलं ते रिंगण, हे सगळं आपल्याकडे याआधी कुणी केलं नव्हतं. मराठी माणसाच्या डोक्यातून एवढी मोठी अद्भुत कल्पना निघू शकते हे तुम्ही दाखवलंत. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांनी 'मुक्तामाला' लिहिली तेव्हा आमची कादंबरी अद्भुताच्याच अंगणात खेळत होती. पुढे आम्ही ते अंगण पोरखेळ म्हणून बंद केलं. दीडशे वर्षांनी कुणीतरी ते दार उघडायला आलं, त्याच्या हातात किल्ली होती, आणि त्याने दुसऱ्याच्या घराचं कुलूप काढलं.

२०२४ साली तुम्ही 'पहाडपांगिरा' आणि 'पक्षीतीर्थ' ही पुढची नावं जाहीर केलीत. माझी मागणी त्यांच्यासाठी आहे. देव कुठला घेताय ते आधी गावाला विचारा. ज्यांच्याकडून घेतलंत, मग ते पेंडसे असोत, धारप असोत वा एखाद्या वाडीवरची म्हातारी, त्यांची नावं मोठ्या अक्षरांत लावा. कोकण दाखवणार असाल तर त्यात कूळ दाखवा, खळं दाखवा, तांदूळ दाखवा. आणि पडद्यावरच्या बायांना त्यांच्या घरात त्यांची भाषा बोलू द्या. बाकीच्यांसाठी खाली अक्षरं लिहिता येतात.

उत्तर दिलंत तर मराठीत द्यावं.

कळावे,
खांब (ता. रोहा, जि. रायगड) येथील एक वाचक